युद्धकाळातील मालइंजिने

रत्नागिरी जिल्ह्याच्या पश्चिमेस अथांग सागर आणि पूर्वेस सह्याद्रीचा उत्तुंग कडा. अशा दुर्गम प्रदेशात आगगाडी फार उशिरा पोहोचली. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर १९९८ साली वाहतूक सुरू झाली. परंतु त्यापूर्वीच, १९९५ साली, भारतातील ब्रॉडगेज मार्गांवरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा संपली होती. त्यामुळे धुराचे लोट सोडीत मालगाडी ओढणारे इंजिन या भूमीला पाहावयास मिळाले नाही. तरीही एका कठीण काळी रत्नागिरीच्या चुलींचा अशाच इंजिनांशी निकटचा संबंध होता.

कोकणातील डोंगराळ जमिनीत वर्षभर पुरेल इतके धान्य पिकत नसे. उणीव भरून काढण्यासाठी तांदूळ बाहेरून आणावा लागे. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. मार्च १९४२ मध्ये रंगून शहर जपानी सैन्याच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे बंद झाले. पुष्कळ जहाजे युद्धकार्यात गुंतली. पूर्वी कलकत्त्याहून समुद्रमार्गे मुंबईस येणारा कोळसाही आता आगगाडीने आणावा लागला. २ मे १९४३ पासून मुंबई शहरात धान्याचे मोजून वाटप होऊ लागले. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लक्षावधी माणसे मरण पावली.

अशा वेळी धान्य, कोळसा आणि युद्धसाहित्य या सर्वांचा भार लोहमार्गांवर पडला. पण पुरेशी इंजिने होती कोठे? भारतातील काही इंजिने व वाघिणी मध्यपूर्वेत पाठविण्यात आल्या होत्या. येथील रेल्वेच्या कारखान्यांना युद्धसामग्री बनविण्याचे काम दिलेले होते. नेहमी इंजिने पुरविणारे ब्रिटनही स्वतःच्या युद्धात गढून गेले होते. कोठारात धान्य असले, तरी ते वेळेवर न हलल्यास भुकेल्याच्या काय उपयोगी?

तेव्हा अमेरिका व कॅनडा येथील कारखान्यांकडे मागणी गेली. अमेरिकेत बाल्डविन या विख्यात कारखान्याने, आणि कॅनडात माँट्रियल व किंग्स्टन येथील कारखान्यांनी भारतासाठी ब्रॉडगेजची शेकडो मालइंजिने बांधली. अमेरिकन इंजिनांना ‘एडब्ल्यूडी’ आणि कॅनेडियन इंजिनांना ‘सीडब्ल्यूडी’ अशी नावे मिळाली. त्यांतील मधले अक्षर युद्धाचे निदर्शक होते. आपल्याकडील जी. आय. पी. रेल्वेवरही अशी इंजिने धावू लागली.

या इंजिनांना पुढे दोन लहान चाके, मध्ये आठ मोठी चाके आणि मागे दोन लहान चाके असत. १८९७ साली बाल्डविन कारखान्याने अशा रचनेची इंजिने जपानला पुरविली होती. त्यावरून या रचनेस ‘मिकाडो’, म्हणजे जपानचा सम्राट, हे नाव पडले. पुढे जपानशी युद्ध जुंपताच अमेरिकन लोकांना ते नाव रुचेना; ते आपल्या सेनापतीच्या नावावरून त्यांना ‘मॅकआर्थर’ म्हणू लागले.

आठ चाकांचे प्रयोजन काय? बॉयलरमधील वाफ दट्ट्यास ढकलते, दट्ट्या दांड्यास ढकलतो आणि दांडा चाक फिरवितो. परंतु चाकाची रुळावर पकड नसेल, तर ते जागच्या जागी घसरत फिरते. आठही चाके दांड्यांनी एकमेकांस जोडल्यामुळे इंजिनाच्या वजनाचा मोठा भाग पकडीसाठी उपयोगी पडतो. शिवाय या चाकांची उंची सुमारे ५ फूटच असे. चाक लहान असले की वेग कमी मिळतो. पण ओढण्याचा जोर वाढतो. मालगाडीला हवा असतो तो जोरच.

या इंजिनांत दिखाऊ सजावट नव्हती. दट्ट्यांच्या नळ्या व दांडे बाहेरच्या बाजूस असल्यामुळे तपासणी आणि दुरुस्ती करणे सोपे जाई. तरीही सोप्या इंजिनालासुद्धा सेवा करणारे हात लागतातच. बॉयलरमधील क्षार खरवडणे, झिजलेली चाके कातणे, सांध्यांना तेल देणे ही कामे रात्रंदिवस चालत. मुंबईच्या गिरण्या, गोद्या आणि रेल्वेचे कारखाने यांत कोकणातील हजारो चाकरमानी राबत होते. ज्यांच्या गावी रूळ नव्हते, अशा माणसांचे श्रमही देशाची चाके फिरती ठेवण्यास कारणी लागले. आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर गावाकडची घरे चालली.

युद्ध १९४५ साली संपले. परंतु या इंजिनांचे काम संपले नाही. १९५० साली चित्तरंजन येथे स्वतंत्र भारताची इंजिने बनू लागली. त्यांचीही चाकांची रचना मिकाडोच होती. जुनी युद्धकालीन इंजिने त्यांच्या जोडीने पुढे कित्येक वर्षे धान्य, कोळसा आणि सिमेंट वाहत राहिली. हरियाणातील रेवाडी येथे १९४३ सालचे बाल्डविन बांधणीचे एक मालइंजिन आजही जतन केलेले आहे.

तोफा आणि रणगाडे यांची नावे युद्धाच्या इतिहासात ठळकपणे लिहिली जातात. या काळ्या, धुरकट इंजिनांची नावे फारशी कोणास ठाऊक नसतात. मात्र युद्धासाठी निर्माण झालेल्या वस्तूंपैकी फार थोड्यांच्या वाट्यास भुकेल्यापर्यंत धान्य पोहोचविण्याचे भाग्य आले. ते या इंजिनांना लाभले.