चौकाच्या आतली देवी

वसईतल्या जुन्या घरांमधल्या नक्षीदार फोटोफ्रेमांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. त्या पाहिल्या, छान आहेत. पण विरार पूर्वेच्या एका पाड्यावर, कुडाच्या भिंतीवर जी चौकट भेटली तिला ना काच, ना लाकूड, ना खिळा. तो वारल्यांचा लग्नचौक.

वारली चित्रांचा छापील इतिहास ठरलेला आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे आले, गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर चित्रं काढू लागले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. हे सगळं मोठंच, पण त्याआधी पिढ्यान् पिढ्या भिंतीवर हात चालला तो सुवासिनींचा.

आकारांचा अर्थही माहितीपत्रकांत पाठ असतो: वर्तुळ सूर्यचंद्रावरून, त्रिकोण डोंगर आणि झाडाच्या शेंड्यावरून. चौकोनापाशी मात्र मी थबकलो. तो रानात कुठे दिसत नाही. तो माणसाने आखायचा, एवढी जागा देवीची असं ठरवून. आत पालघट, हिरव्या रोपांची आणि भरल्या घटाची देवी. सोबत सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या हा देव. चौकाशिवाय लग्न लागत नाही, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी त्याच्यासमोरच.

पाड्यावर चौक काढणाऱ्या मावशींनी बांबूच्या काडीचं टोक ठेचून कुंचला केला आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवला. गेरूच्या भिंतीवर रेघ ओढली, तर काहीच दिसेना! ओलं पीठ पारदर्शक असतं, वाळल्यावर पांढरं उमटतं. म्हणजे त्रिकोणाला त्रिकोण जोडत जाणारी किनार मावशी जवळजवळ न बघताच काढत होत्या. एक पट्टा झाला की त्याच्या आत दुसरा, मग तिसरा. आतल्या देवीपेक्षा काठावरच जास्त वेळ गेला. मला वाटतं, खरं काम तेच: देवीला जागेवर धरून ठेवणं. शोभा त्यातून आपोआप येते.

आता अडचणी. घरकुलाच्या सिमेंटच्या भिंतीला ऑइल पेंट असतो, त्यावर तांदळाचं पाणी धरत नाही. मग डिंक घातलेला पांढरा पोस्टर कलर येतो. तो लगेच दिसतो आणि जास्त टिकतो. जुन्या चौकाला टिकायचंच नव्हतं. सारवलं की गेला, पुढच्या लग्नाला नवा. आता एकदाच रंगवलं की काम भागतं, आणि तरुण मुलींचा हात बसायला लग्नंच पुरत नाहीत. सराव होतो तो ऑर्डरींवर, आणि ऑर्डर येते ती तारपा नाचाची. ते चित्र गोल फिरतं, दिवाणखान्यात शोभतं. चौक मागणारे थोडे, आणि त्यांनाही तो भिंतीवरच्या तयार फ्रेमच्या मापात हवा असतो. मग माप जुळवताना देवी तशीच ठेवतात आणि किनारीचे पट्टे कमी करतात. पट्टा कमी झाला की मेहनत कमी, म्हणून गिऱ्हाईक दरही कमी करून मागतं.