गव्हांकुर आणि ग्लुटेनचे पथ्य

दसऱ्याला घट हलवल्यावर गव्हाचे एखादे रोप मुळासकट उपटून पाहा. वर हिरवे पाते, खाली पांढऱ्या मुळांची जाळी आणि मधे पिचका दाणा अजून चिकटलेला. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या बायांना हे सांगायला नको. सिलिॲक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, असलेल्या माणसाने गव्हांकुराचा रस घ्यावा का, याचे उत्तर बरेचसे त्या दाण्यात आहे.

ग्लुटेन हे दाण्यात साठवलेले प्रथिन. कोंब फुटला की रोप ते शिदोरीसारखे वापरते. पात्यात ग्लुटेन तयार होत नाही. म्हणून निव्वळ पाते वरच्यावर कापले, तर त्यात ग्लुटेन नसते. विक्रेते हेच सांगतात आणि तेवढे खरे आहे. जवाच्या पात्यालाही हेच लागू.

पण घरी रस कसा काढतात? ट्रेमधले गवत बुडापासून कापतात, घाईत उपटतातही, आणि तसेच मिक्सरला लावतात. गव्हाच्या दाण्याचे वजन साधारण ४० मिलिग्रॅम, त्यात ग्लुटेन तीन-चार मिलिग्रॅम. रुजताना ते कमी होते, पण आठ-नऊ दिवसांत पूर्ण संपेलच असे नाही, आणि न रुजलेले दाणे तर जसेच्या तसे असतात. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसते असे मानतात. म्हणजे न रुजलेले तीन दाणे रसात गेले तरी ती मर्यादा गाठली जाते. पोट दुखले नाही म्हणून आतड्याला इजा झाली नाही, असेही नाही.

पावडरीचे दुखणे वेगळे. गवत कुठे वाळवले, कोणत्या यंत्रात दळले, त्याच यंत्रात आधी कणीक होती का, हे डब्यावरून कळत नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. त्यातही रुजताना ग्लुटेनचे तुकडे होतात आणि नेहमीच्या चाचणीतून असे तुकडे निसटू शकतात. ‘नैसर्गिक’ या शब्दावर भरवसा ठेवून सिलिॲक असलेल्या लेकराला हा रस पाजणे मला मुळीच पटत नाही. त्यात जे हिरवे सत्त्व आहे ते पालकात, मेथीत, अंबाडीत आहे, आणि त्यांच्या बुडाशी गव्हाचा दाणा नसतो.

हा आजार फार दूरचाही नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडे अधिक, तर दक्षिणेत हजारात एक असे सिलिॲकचे प्रमाण आढळले. दक्षिणेत पोळी कमी, भात जास्त. वऱ्हाडात तर ज्वारीची भाकर आणि कण्या हे जुनेच जेवण, आणि ज्वारीत ग्लुटेन नाही. पथ्य असलेल्या घराने ती परत ताटात आणावी, फक्त पीठ घरी दळावे किंवा वेगळ्या चक्कीवर. फोडणीच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, तेही बघावे.

एक कळकळीची विनंती. मूल वाढत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी आहे, म्हणून आपल्याच मनाने पोळी बंद करू नका. गहू सुटला की रक्ताच्या तपासणीत आजार दिसेनासा होतो. आधी सेवाग्राम किंवा सावंगी मेघेच्या रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा, त्यांच्या सांगण्याप्रमाणे तपासणी होऊ द्या, आणि गहू सोडायचा तो त्यानंतर.