विश्लेषण : चर्चमध्ये तृतीयपंथीयांचे स्वागत, पण सभासदत्वाचे काय?

देशातील प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची समान परिषद नागपुरात आहे. तृतीयपंथी व्यक्तींना चर्चने आपले मानावे, असे ही परिषद अनेक वर्षांपासून सांगत आली आहे. तरीही रविवारच्या उपासनेला येणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीपुढचे प्रश्न सुटलेले नाहीत. बसायचे कोणत्या बाजूला, नोंदवहीत नाव कोणते आणि लग्न लावून कोण देणार? याची उत्तरे नेमकी कोणाकडे आहेत, याचा आढावा.

नागपूरचा संबंध काय?

नागपूरची ओळख दीक्षाभूमी आणि रेशीमबाग यांच्यामुळे आहे. भारतातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही या शहराला मोठे स्थान आहे, हे मात्र शहराबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. सिव्हिल लाइन्समध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया अर्थात एनसीसीआय या परिषदेचे मुख्यालय आहे. १९१४ मध्ये मिशनऱ्यांची परिषद म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत आज प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स परंपरेतील तीसच्या आसपास चर्च सभासद आहेत. कॅथोलिक चर्च त्यात नाही.

दुसरी खूण सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी येथे सहा वेगवेगळी चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआयची स्थापना झाली. महाराष्ट्रातील मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी बऱ्याच मंडळ्या याच चर्चच्या छत्राखाली आहेत.

परिषदेने भूमिका कधी घेतली?

सुरुवात एचआयव्ही-एड्सच्या कामातून झाली. आजारी माणसाला भेटायला गेलेल्या कार्यकर्त्यांना तृतीयपंथी आणि समलिंगी व्यक्ती भेटल्या. औषधाइतकाच घर सुटल्याचा आणि चर्च सुटल्याचा प्रश्नही त्यांच्यापुढे होता. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये कलम ३७७ बाबत निकाल दिला तेव्हा अनेक ख्रिस्ती नेत्यांनी त्याला विरोध केला. परिषदेने मात्र त्याच वर्षाअखेरीस कोलकात्यात ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकांची गोलमेज बैठक घेतली आणि चर्चने या व्यक्तींना स्वीकारावे, असा सूर तेथे निघाला. पुढे २०१७ मध्ये लैंगिकता आणि लिंगभावातील विविधता या विषयावर चर्चसाठी मार्गदर्शक पुस्तकही आले.

अर्थात सगळे ख्रिस्ती एका बाजूला होते, असे नाही. कलम ३७७ कायम राहावे यासाठी सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडणाऱ्यांत अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल या संस्था होत्या. सप्टेंबर २०१८ मध्ये घटनापीठाने प्रौढांमधील सहमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले, तेव्हा हा वाद न्यायालयापुरता संपला. चर्चमध्ये तो संपलेला नाही.

मग मंडळीत बदल का दिसत नाही?

कारण परिषद आदेश देऊ शकत नाही. ती सल्ला देते, पुस्तके काढते, शिबिरे घेते. सिद्धान्त आणि शिस्त हा प्रत्येक चर्चचा स्वतःचा अधिकार. सीएनआयमध्ये तो अखिल भारतीय सिनॉडकडे, त्याखाली धर्मप्रांत आणि बिशप यांच्याकडे जातो. रोजचा व्यवहार मात्र पाळक आणि मंडळीची समिती पाहते. त्यामुळे सिव्हिल लाइन्समध्ये निघालेले पत्रक काही मिनिटांच्या अंतरावरच्या मंडळीत वाचले जाईलच, याची खात्री नसते.

मंडळीतले प्रश्नही पत्रकात मावणारे नसतात. आजही काही मराठी मंडळ्यांत पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसतात. तसा नियम कोणी लिहिलेला नाही, चालत आलेली रीत आहे. साडी नेसून आलेली तृतीयपंथी स्त्री कुठे बसणार? स्त्रियांच्या बाजूला बसली तर कुजबुज, मागच्या बाकावर बसली तर ती पाहुणी. महिला संघाची सभासद तिला करून घ्यायचे का, नाताळच्या गायनात तिने कोणत्या ओळीत उभे राहायचे, हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण माणूस मंडळीतला आहे की मंडळीत आलेला आहे, हे त्यावरूनच ठरते.

त्याहून मोठा प्रश्न नोंदवहीचा. बाप्तिस्मा झाला की नाव आणि आईवडिलांची नावे रजिस्टरमध्ये चढतात. पुढे दृढीकरण, लग्न, शाळाप्रवेशाचा दाखला, अगदी दफनापर्यंत ही नोंद माणसाची पाठ सोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर २०१९ मध्ये तृतीयपंथीयांसाठी कायदा झाला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावरून सरकारी कागदांतील नाव बदलण्याची वाट खुली झाली. चर्चचे रजिस्टर सरकारी कागद नाही. आधारवर एक नाव आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरे, अशी अवस्था त्यातून होते.

ही माणसे किती? २०११ च्या जनगणनेत देशभर ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद स्त्री किंवा पुरुष याऐवजी ‘इतर’ अशी झाली. उघडपणे सांगण्याची हिंमत नसलेले त्यात धरलेले नाहीत.

बायबलचा आधार कोण कसा घेते?

विरोध करणारे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाकडे बोट दाखवतात. देवाने मनुष्याला नर आणि नारी असे निर्माण केले, तिसरा प्रकार तेथे नाही, हा त्यांचा युक्तिवाद. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात अंडकोश चिरडलेल्या किंवा लिंग छेदलेल्या पुरुषाला परमेश्वराच्या मंडळीत येण्यास मनाई आहे, हेही सांगितले जाते.

पण पुढे येशाया संदेष्ट्याच्या छप्पन्नाव्या अध्यायात नेमक्या याच माणसांना देवाच्या घरात मुलामुलींहून चांगले नाव देण्याचे वचन येते. एकाच ग्रंथात मनाई आहे आणि ती उठवलेलीही आहे. नव्या करारात प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्प वाटेत भेटलेल्या कूशी अधिकाऱ्याला पाण्यात उतरवून बाप्तिस्मा देतो. हा अधिकारी खोजा होता. फिलिप्पाने त्याला कोणतीही अट घातली नाही.

मराठी वाचकाची अडचण येथे वेगळीच आहे. प्रचलित मराठी बायबलमध्ये या अधिकाऱ्यासाठी शब्द आहे ‘षंढ’. मूळ भाषेत ते दरबारी पद आणि शारीरिक अवस्था दोन्ही सांगणारे नाव होते. मराठीत ती शिवी झाली आहे. त्यामुळे ज्या उताऱ्यात वगळलेल्या माणसाला आत घेतले आहे, तोच उतारा व्यासपीठावरून वाचताना तृतीयपंथी श्रोत्याच्या कानावर आधी शिवी पडते. प्राचीन काळचा खोजा आणि आजची पारलिंगी व्यक्ती एक नव्हेत, हा अभ्यासकांचा आक्षेप योग्यच आहे. मात्र प्रवेशासाठी शरीराची अट लावायची की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

कॅथोलिक चर्चची भूमिका काय?

येथे शब्द रोमचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने ब्राझीलमधील एका बिशपच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया किंवा संप्रेरक उपचार घेतलेल्या पारलिंगी व्यक्तीलाही इतरांप्रमाणेच स्नानसंस्कार मिळू शकतो, लग्नात साक्षीदार होता येते, असे त्यात म्हटले आहे. धर्ममाता किंवा धर्मपिता होण्यासही काही अटींवर परवानगी आहे, पण तो हक्क नाही. निर्णय स्थानिक धर्मगुरूंच्या विवेकावर सोपवलेला आहे. श्रद्धावंतांत गोंधळ किंवा बदनामी होऊ नये, ही अटही आहे. या अटीची व्याप्ती कितीही ताणता येते, हे उघड आहे.

पाचच महिन्यांनी, एप्रिल २०२४ मध्ये ‘डिग्निटास इन्फिनिटा’ हे घोषणापत्र आले. लिंगबदलाच्या उपचारांनी माणसाच्या जन्मजात प्रतिष्ठेला धोका पोहोचतो, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. आंतरलिंगी शरीररचनेवरील उपचार मात्र त्यातून वगळले आहेत. म्हणजे दार उघडे आहे, पण आत येणाऱ्याने जे केले ते चर्चला मान्य नाही. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी २०१३ मध्ये समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे, असे सांगितले होते. समलिंगी विवाहाला त्यांचा विरोध तेव्हाही होताच.

लग्न लावता येते का?

ऑक्टोबर २०२३ च्या ‘सुप्रियो’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. मात्र भिन्नलिंगी नात्यातील तृतीयपंथी व्यक्तींना प्रचलित कायद्यांखाली लग्नाचा हक्क आहे, हे स्पष्ट केले. ख्रिस्ती समाजासाठी तो कायदा १८७२ चा. त्यानुसार पाळक किंवा धर्मगुरू आपापल्या चर्चच्या नियम-रीतींप्रमाणे लग्न लावतात. त्यामुळे न्यायालयाने हक्क मान्य केला तरी वेदीपाशी शब्द चालतो चर्चच्या नियमांचा. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीचा पर्याय उरतो. आशीर्वादाची प्रार्थना मग कोणी घरी येऊन केली तर केली.

दोन मते एका छताखाली राहू शकतात?

याचे एक उत्तर सीएनआयच्या जन्मकथेतच आहे. एकत्र येण्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि चाळीस वर्षे चालली. सर्वांत कठीण मुद्दा बाप्तिस्म्याचा होता. अँग्लिकन तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत. बाप्टिस्टांच्या मते विश्वास कळण्याच्या वयाआधीचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. तोडगा असा निघाला की सीएनआयमध्ये दोन्ही रीती चालतील. त्याची किंमतही मोजावी लागली. अमेरिकी परंपरेतील मेथडिस्टांनी १९७० मध्येच ऐनवेळी माघार घेतली आणि ते आजही वेगळे आहेत.

चर्च ऑफ इंग्लंडनेही मधली वाट काढली. पारलिंगी व्यक्तींसाठी नवी विधी तयार न करता बाप्तिस्म्याच्या वचनांची पुन्हा उजळणी करण्याची जुनीच उपासना नव्या नावाने हाक मारून वापरावी, असे मार्गदर्शन डिसेंबर २०१८ मध्ये देण्यात आले. त्यावरही तेथे टीका झाली. अमेरिकेत युनायटेड मेथडिस्ट चर्चने २०२४ मध्ये समलिंगी पाळकांवरील बंदी उठवली, पण तोवर हजारो मंडळ्या बाहेर पडल्या होत्या.

सीएनआयसारख्या चर्चमध्ये लग्न आणि दीक्षा यांविषयीचा बदल सिनॉडशिवाय होणार नाही. बाकाची जागा, रजिस्टरच्या समासात नव्या नावाचा शेरा, आजारपणातली भेट, दफनाच्या वेळी कोणत्या नावाने प्रार्थना करायची, या गोष्टी मात्र बऱ्याच अंशी पाळक आणि मंडळीच्या समितीच्या हातात आहेत.