पहिल्या दिवसाचे दूध आणि पावडरीचा डबा

आमच्या शेजारच्या कुटुंबाने गेल्या वर्षी लॅब्रॅडॉर जातीचे एक पिल्लू विकत आणले. ते जेमतेम पाच आठवड्यांचे होते. विकणाऱ्याने पिल्लाबरोबर गाईच्या चिकाच्या पावडरीचा डबा दिला आणि वर बजावले, 'रोज चमचाभर द्या, पिल्लू आजारी पडायचे नाही. लशीची घाई करू नका.' शेजाऱ्यांनी पावडर नेमाने दिली. तीन आठवड्यांनी पिल्लाला रक्ताची हगवण लागली आणि पार्व्हो विषाणूने चार दिवसांत त्याचा बळी घेतला. डबा तोवर निम्माही संपला नव्हता. त्या डब्यात भेसळ होती असे कोणी म्हणणार नाही. चीक खराच होता. खोटे होते ते त्याच्या भरवशावर दिलेले आश्वासन.

गाईच्या चिकाची पावडर, गोळ्या आणि चाटणे कुत्र्यांसाठी आता शहरांतील दुकानांत सर्रास मिळतात. पोट सुधारते, खाज कमी होते, प्रतिकारशक्ती वाढते, असे दावे त्यांच्यामागे असतात. या दाव्यांची निव्वळ टवाळी करणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे होणार नाही. त्यांत तथ्य किती आणि ते कोठे संपते, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

चीक मराठी माणसाला नवा नाही. गाय किंवा म्हैस व्याली की चिकाचा खरवस करून तो शेजारीपाजारी वाटण्याची आपली जुनी रीत आहे. खरवस घट्ट होतो तो त्यातील विपुल प्रथिनांमुळे, आणि त्या प्रथिनांतील मोठा वाटा रोगांशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा असतो. साध्या दुधात लिटरमागे एक ग्रॅमही नसणारी ही प्रतिपिंडे उत्तम चिकात पन्नास ग्रॅमहून अधिक असतात. अर्थात उकडून खरवस झाला की त्यांचे संरक्षक कार्य संपते. उरतो तो पोषक आणि रुचकर पदार्थ.

आईच्या दुधातून रोगप्रतिकार पिल्लाकडे जातो, हे पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. पण ही देणगी सर्व प्राण्यांत सारख्या रीतीने पोचत नाही. मानवी अर्भकाला ती मुख्यतः जन्मापूर्वीच, वारेतून मिळते. कुत्रीच्या वारेतून पिल्लांना जेमतेम पाच ते दहा टक्के प्रतिपिंडे मिळतात. बाकी सारी भिस्त चिकावर असते. गाईच्या वारेतून तर वासराला जवळजवळ काहीच मिळत नाही. वासरू जन्मते ते अक्षरशः निःशस्त्र.

शिवाय या देणगीला मुदत आहे. नवजात पिल्लाचे आतडे प्रतिपिंडे अखंड स्वरूपात रक्तात जाऊ देते, परंतु हे दार पहिल्या काही तासांतच मिटू लागते आणि सुमारे चोवीस तासांत बंद होते. त्यानंतर पोटात गेलेली प्रतिपिंडे बव्हंशी इतर प्रथिनांप्रमाणे पचून जातात. जी तग धरतात, ती आतड्याच्या पोकळीतच काय ते काम करतात. पाच आठवड्यांच्या पिल्लाला चमचाभर पावडर देणे म्हणजे मिटलेल्या दारासमोर पाहुण्याला उभे करण्यासारखे आहे.

मग ही पावडर अगदीच निरुपयोगी काय? तसेही नाही. कुत्र्यांचे अन्न बनविणाऱ्या एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात चोवीस प्रौढ कुत्र्यांचे दोन गट पाडून एका गटाच्या आहारात चाळीस आठवडे अल्प प्रमाणात चिकाची पावडर मिसळली होती. त्या गटात डिस्टेंपरच्या लशीला शरीराने दिलेला प्रतिसाद अधिक जोरकस आढळला आणि आतड्यातील जिवाणूंचा समतोल अधिक स्थिर राहिला. प्रयोग लहान आहे, तो करणाऱ्यांचा व्यापारी हितसंबंधही उघड आहे. तरी तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मात्र त्यातील एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. या प्रयोगात पावडर लशीच्या जागी दिलेली नव्हती. कुत्र्यांना लस टोचली होती आणि पावडरीने त्या लशीला हातभार लावला.

गाय ज्या रोगजंतूंशी झुंजली, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या चिकात असतात. कुत्र्याचा पार्व्हो हा गाईचा रोग नव्हे. १९७८च्या सुमारास तो प्रथम ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. त्यावर उपाय एकच: सहा ते आठ आठवड्यांच्या वयात लस सुरू करणे आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा देणे. ही पुनरावृत्ती वैद्यांचा गल्ला भरण्यासाठी नसते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे रक्तात असेतो ती लशीलाही निष्प्रभ करतात, आणि ती नेमकी केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून लस पुनःपुन्हा द्यावी लागते. आठ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पिल्लू विकू नये, असे केंद्र सरकारच्या २०१७च्या श्वानपैदास नियमांत स्पष्ट म्हटले आहे. शेजाऱ्यांकडच्या पिल्लाच्या बाबतीत हा नियम आधी मोडला गेला, लस नंतर टळली आणि या दोन्ही उणिवा झाकण्यासाठी पावडर पुढे केली गेली.

प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, ती गोठ्यातली. संकरित गाईला वासराच्या गरजेपेक्षा अधिक चीक येतो, आणि तापवल्यावर तो फाटत असल्यामुळे पहिल्या काही दिवसांचे दूध संकलन केंद्रात स्वीकारले जात नाही. असा शिलकीचा चीक विकून शेतकऱ्याला चार पैसे मिळाले तर त्यात वावगे काही नाही. परंतु शिल्लक कशाला म्हणायचे? वासराला त्याच्या वजनाच्या सुमारे एक दशांश चीक, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर, पहिल्या काही तासांतच मिळावयास हवा. सर्वांत सकस चीक पहिल्या धारेचा, आणि खरेदीदाराची मागणीही त्याचीच. कालवड असेल तर गोठ्यात तिची काळजी घेतली जाते. गोऱ्हा असेल तर तो केवळ खाणारे तोंड ठरतो. चिकाला भाव येईल तसतसा या मुक्या तोंडचा घास काढून घेण्याचा मोह वाढत जाईल.

आपल्याकडे बाळंतिणीचा चीक अशुद्ध मानून पिळून टाकण्याची प्रथा अनेक घरांत होती. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बालके सुमारे ४२ टक्केच होती. ज्या समाजात अर्भकालाही पहिल्या दुधाचा हक्क अद्याप पुरता मिळालेला नाही, त्याच समाजात गाईच्या पहिल्या दुधाची पावडर कुत्र्यांसाठी विकली जावी, हा विपर्यास विचार करायला लावणारा आहे.

कुत्र्यावर माया करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी फक्त क्रम सांभाळावा. पिल्लू आठ आठवडे आईपाशी राहिले काय, हे आधी विचारावे. मग पशुवैद्याकडून लशींचे वेळापत्रक घ्यावे आणि ते पूर्ण करावे. त्यानंतर, पोटाच्या जुनाट तक्रारीसाठी पशुवैद्याच्या सल्ल्याने पावडर द्यायची असेल तर खुशाल द्यावी. आमच्या शेजाऱ्यांनी तो अर्धा डबा अजून टाकलेला नाही. नवे पिल्लू आणण्यापूर्वी मात्र या वेळी त्यांनी पशुवैद्याची वेळ घेतली आहे.