नेटवर्किंगची परीक्षा आणि पडद्यावरची प्रयोगशाळा : सिम्युलेटरचा सराव कसा करावा, कुठे थांबावे?

नवी दिल्ली : ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊ वाजून गेल्यावर भारतातील कोट्यवधी मोबाइलवर व्हॉट्सॲपचे संदेश येणे-जाणे अचानक थांबले. फेसबुक आणि इन्स्टाग्रामही बंद पडले. जगभर सुमारे सहा तास हीच स्थिती होती. हा सायबर हल्ला नव्हता, असे कंपनीने नंतर स्पष्ट केले. नियमित देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटरना परस्परांशी जोडणारे मुख्य नेटवर्कच तुटले होते. चुकीची कमांड अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी यंत्रणेतही दोष असल्याने ती कमांड रोखली गेली नाही.

अनुभवी अभियंत्यांच्या हातून असे घडू शकते, तर या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने चुका करून शिकायचे तरी कुठे? चालू नेटवर्कवर प्रयोग करू देण्यास कोणतेही कार्यालय तयार होणार नाही आणि राउटर, स्विच विकत घेऊन घरी प्रयोगशाळा थाटणे बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. ही अडचण सिम्युलेशन सॉफ्टवेअरमुळे बऱ्याच अंशी दूर झाली आहे. मात्र या साधनाचा उपयोग कसा करावा आणि त्यावर कुठवर विसंबावे, याबाबत परीक्षार्थींमध्ये अनेक गैरसमज आढळतात.

परीक्षेचे स्वरूप

नेटवर्किंगच्या प्राथमिक प्रमाणपत्रांमध्ये सिस्को कंपनीचे ‘सीसीएनए’ हे सर्वाधिक परिचित आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या प्रमाणपत्रासाठी फेब्रुवारी २०२० पासून ‘२००-३०१’ ही एकच परीक्षा घेतली जाते. तिच्यासाठी पदवी किंवा अन्य पूर्वअट नाही. परीक्षेचा कालावधी १२० मिनिटांचा असून प्रमाणपत्र तीन वर्षे वैध राहते.

अभ्यासक्रमाचे सहा विभाग आहेत. सर्वाधिक २५ टक्के भार आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे मुख्यतः राउटिंगला आहे. नेटवर्कची मूलतत्त्वे आणि नेटवर्क ॲक्सेस यांना प्रत्येकी २० टक्के, सुरक्षेच्या मूलतत्त्वांना १५ टक्के, तर आयपी सेवा आणि ऑटोमेशन यांना प्रत्येकी १० टक्के भार दिलेला आहे. बहुपर्यायी प्रश्नांबरोबरच उपकरणावर प्रत्यक्ष कमांड देऊन सोडवायचे प्रश्नही परीक्षेत येतात. एकदा पुढे गेल्यावर मागील प्रश्नाकडे परतता येत नाही. उत्तीर्ण होण्यासाठी नेमके किती गुण लागतात, हे कंपनी जाहीर करत नाही.

परीक्षेचे शुल्क ३०० अमेरिकी डॉलर असून कर वेगळा आहे. रुपयांत ही रक्कम पंचवीस हजारांच्या पुढे जाते. अनुत्तीर्ण झाल्यास पाच दिवसांनंतर पुन्हा परीक्षा देता येते, पण शुल्क नव्याने भरावे लागते. लहान शहरातून आलेल्या, शिक्षणाचा खर्च जेमतेम पेलणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्यासाठी म्हणूनच पहिला प्रयत्न हाच खरा प्रयत्न ठरतो.

पॅकेट ट्रेसर काय करते?

सराव साधनांमध्ये ‘पॅकेट ट्रेसर’ या सॉफ्टवेअरचे स्थान पहिले आहे. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीतर्फे ते दिले जाते. पूर्वी ते अकॅडमीच्या विद्यार्थ्यांपुरते मर्यादित होते. आता विनामूल्य नोंदणी करून कोणालाही घेता येते. विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिन्ही प्रणालींवर ते चालते आणि साधारण क्षमतेचा लॅपटॉपही त्यासाठी पुरतो.

या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर राउटर, स्विच, संगणक आणि केबल यांची चित्रे ओढून नेटवर्क उभे करता येते. प्रत्येक उपकरणावर क्लिक केल्यास त्याची कमांड लाइन उघडते आणि खऱ्या उपकरणावर द्याव्या लागतात तशाच कमांड तेथे देता येतात. मात्र त्याचे खरे बलस्थान ‘सिम्युलेशन मोड’ हे आहे. या मोडमध्ये काळ जणू थांबवता येतो. पॅकेट छोट्या लिफाफ्याच्या रूपात एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे सरकते आणि प्रत्येक टप्प्यावर तो लिफाफा उघडून आत कोणते पत्ते लिहिले आहेत, हे वाचता येते.

खऱ्या केबलमधून जाणारे पॅकेट डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे ‘राउटर ओलांडताना आयपी पत्ते तेच राहतात, मॅक पत्ते मात्र बदलतात’ हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात, पण समजून घेतात असे नाही. सिम्युलेशन मोडमध्ये राउटरच्या अलीकडचा आणि पलीकडचा लिफाफा शेजारी ठेवून पाहिला की हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

एका महाविद्यालयाचे नेटवर्क

सरावासाठी एखाद्या छोट्या महाविद्यालयाचे उदाहरण सोयीचे ठरते. कार्यालय, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा असे तीन विभाग, दोन स्विच, एक राउटर आणि सहा संगणक एवढे साहित्य त्यासाठी पुरते. हाताशी १९२.१६८.१०.० पासून १९२.१६८.१०.२५५ पर्यंतचे २५६ पत्ते आहेत. त्यांचे चार समान भाग केले की प्रत्येक भागात ६४ पत्ते येतात. त्यातील पहिला पत्ता नेटवर्कसाठी आणि शेवटचा ब्रॉडकास्टसाठी राखीव असल्याने वापरासाठी ६२ उरतात. तीन भाग तीन विभागांना द्यावेत, चौथा पुढील गरजेसाठी ठेवावा.

प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र व्हीलॅन तयार केला जातो. कार्यालयाला १०, ग्रंथालयाला २० आणि प्रयोगशाळेला ३० असे क्रमांक देता येतात. दोन स्विचमधील दुव्यावरून तिन्ही व्हीलॅनची वाहतूक जावी लागते. त्या दुव्याला ट्रंक म्हणतात. एक विभाग दुसऱ्याशी बोलतो तो राउटरमार्फत. राउटरवरील तीन पत्ते, म्हणजे अनुक्रमे .१, .६५ आणि .१२९, हे त्या त्या विभागाचे गेटवे ठरतात.

हे नेटवर्क उभारताना दोन गोष्टी नवख्या विद्यार्थ्याला हमखास चकवतात. केबल जोडल्यावर स्विचकडील दिवा बराच वेळ नारिंगी राहतो आणि विद्यार्थी केबल बदलू लागतो. वास्तविक नेटवर्कमध्ये वर्तुळाकार मार्ग तयार होऊ नये म्हणून स्विच सुरुवातीला ऐकण्याच्या आणि शिकण्याच्या अवस्थेत प्रत्येकी १५ सेकंद घालवतो. अर्ध्या मिनिटाने दिवा आपोआप हिरवा होतो.

दुसरी गोष्ट पिंगची. ग्रंथालयातून कार्यालयाला पहिल्यांदा पिंग केल्यावर अनेकदा चारपैकी तीनच उत्तरे येतात आणि पहिले हरवते. हा दोष नव्हे. पॅकेट पाठवण्यापूर्वी समोरच्या उपकरणाचा मॅक पत्ता एआरपीद्वारे विचारावा लागतो आणि त्या विचारपुशीत पहिल्या पिंगची वेळ संपते. दुसऱ्यांदा पिंग केल्यास चारही उत्तरे मिळतात. हेच दृश्य सिम्युलेशन मोडमध्ये सावकाश पाहिले की एआरपीची कार्यपद्धती कायमची लक्षात राहते.

चालणारे नेटवर्क मोडून पाहावे

बहुतेक परीक्षार्थींचा सराव या टप्प्यावर संपतो. नेटवर्क चालू झाले, पिंगला उत्तर आले, फाइल जतन झाली आणि पुढचा धडा सुरू झाला. तयार सराव फाइलमध्ये तर काम पूर्ण होत जाईल तशी गुणांची टक्केवारीही दिसते. टक्केवारी १०० झाली म्हणजे विषय समजला, असा ग्रह त्यातून होतो. सूचनांनुसार एकेक कमांड दिली की हे गुण मिळतातच. त्या कमांडमागचे कारण समजले की नाही, हे त्यातून कळत नाही.

नोकरीत नव्या अभियंत्यासमोर कोरे नेटवर्क क्वचितच येते. बहुधा त्याला बिघडलेले नेटवर्क दिले जाते आणि त्यातील दोष शोधायचा असतो. म्हणून चालणाऱ्या फाइलची प्रत काढून तिच्यात सहाध्यायाकडून मुद्दाम दोष घालून घ्यावेत आणि लक्षणांवरून कारण शोधावे, ही सरावाची अधिक फलदायी रीत आहे.

ग्रंथालयातील एका संगणकावर गेटवे .६५ ऐवजी .५६ असा लिहिला गेला, तर तो ग्रंथालयातील इतर संगणकांशी बोलतो, पण बाहेरच्या विभागांशी नाही. ट्रंकवरून व्हीलॅन २० वगळला गेला, तर राउटर ज्या स्विचला जोडला आहे तेथील ग्रंथालयाचे संगणक व्यवस्थित चालतात आणि दुसऱ्या स्विचवरील संगणक स्वतःच्या गेटवेपर्यंतही पोहोचत नाहीत. एखादा पोर्टच चुकून कार्यालयाच्या व्हीलॅनमध्ये टाकला गेला, तर त्या संगणकाला ना गेटवे सापडतो, ना आपल्या विभागातील शेजारी. तिन्ही वेळा वापरकर्त्याची तक्रार एकच असते : ‘नेट चालत नाही.’ कोण कुणाशी बोलू शकतो आणि कुणाशी नाही, याची उलटतपासणी केल्यावरच दोष सापडतो.

या सरावात ‘शो’ने सुरू होणाऱ्या कमांडवर हात बसणे महत्त्वाचे ठरते. पोर्टची स्थिती, व्हीलॅनची यादी, ट्रंकवरून जाणारे व्हीलॅन आणि राउटिंग टेबल या क्रमाने पाहत गेल्यास अंदाजाने सेटिंग बदलण्याची सवय सुटते. परीक्षेतील प्रत्यक्ष कमांडच्या प्रश्नांत वेळ वाचतो तो या सवयीमुळेच.

एका शब्दाची किंमत

ट्रंकवर नवा व्हीलॅन ४० जोडायचा असल्यास परवानगीच्या कमांडमध्ये ‘ॲड’ हा शब्द लिहावा लागतो. तो राहिला, तर ४० हा जुन्या यादीत मिळवला जात नाही. जुनी यादीच पुसली जाते आणि एकटा ४० उरतो. सिम्युलेटरमध्ये ही चूक मिनिटभरात दुरुस्त होते. कार्यालयात मात्र त्याच क्षणी सर्व विभागांचे काम ठप्प होते. अभियंता त्याच दुव्यावरून दुरून स्विचशी जोडला गेला असेल, तर त्याचाही संपर्क तुटतो आणि दुरुस्तीसाठी कोणाला तरी प्रत्यक्ष त्या स्विचपाशी जावे लागते. २०२१ च्या घटनेतही नेटवर्कच बंद पडल्याने अभियंत्यांना दुरून काम करता येईना. त्यांना डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले आणि तेथील कडक सुरक्षेमुळे उपकरणांपर्यंत पोहोचण्यासही वेळ लागला.

अशी चूक एकदा जाणीवपूर्वक करून तिचे परिणाम पाहिलेला विद्यार्थी तो शब्द सहसा विसरत नाही. बदललेली मांडणी जतन न करता उपकरण पुन्हा सुरू केल्यास सर्व बदल नाहीसे होतात, हेही असेच एकदा अनुभवून पाहण्यासारखे आहे.

मर्यादा कोणत्या?

पॅकेट ट्रेसर हे उपकरणांच्या वर्तनाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर आहे. खऱ्या राउटरची संपूर्ण कार्यप्रणाली त्यात नसते. निर्मात्यांनी समाविष्ट केलेल्या कमांडच त्यात चालतात. त्यामुळे एखादी कमांड नाकारली गेली, तर ती चुकीचीच आहे असे नाही. सीसीएनएच्या बहुतांश प्रात्यक्षिक भागाला ते पुरते, पुढील पातळीच्या परीक्षांना पुरत नाही.

खऱ्या कार्यप्रणालीवर सराव करण्यासाठी ‘जीएनएस३’, ‘ईव्ही-एनजी’ यांसारखी साधने आहेत. त्यांना इम्युलेटर म्हटले जाते. ती विनामूल्य मिळू शकतात, पण राउटरच्या कार्यप्रणालीची फाइल त्यांच्यासोबत येत नाही; ती योग्य परवान्यासह मिळवावी लागते. सिस्कोच्या ‘मॉडेलिंग लॅब्ज’ या साधनात ती समाविष्ट असते आणि त्याच्या विनामूल्य आवृत्तीत पाच उपकरणांपर्यंतचे नेटवर्क उभारता येते. या साधनांना संगणकाची मेमरी बरीच लागते, हे मात्र लक्षात घ्यावे लागते.

काही गोष्टी कोणत्याही पडद्यावर शिकता येत नाहीत. नीट न दाबलेला केबलचा कनेक्टर, फायबरच्या टोकावरची धूळ, तापलेले रॅक, कन्सोल केबल लावून विसरलेला पासवर्ड बदलण्याची खटपट, हे सारे हातानेच शिकावे लागते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून काम करताना काही तास तरी खऱ्या उपकरणांजवळ घालवणे म्हणूनच आवश्यक आहे.

अभ्यासक्रमाचा काही भागही सिम्युलेटरच्या कक्षेत मोडत नाही. ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या १.१ आवृत्तीत नेटवर्क व्यवस्थापनातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग यांचा समावेश झाला असून टेराफॉर्मसारख्या साधनांची ओळखही अपेक्षित आहे. त्यासाठी वाचनाला पर्याय नाही.

आयत्या उत्तरांचा मोह

परीक्षेतील प्रश्न जसेच्या तसे पुरवण्याचा दावा करणारे संच बाजारात विकले जातात. असे संच वापरणे हा परीक्षेच्या गोपनीयता कराराचा भंग ठरतो आणि त्याबद्दल प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. त्याहून मोठी अडचण नोकरीच्या मुलाखतीत येते. समोर एखादे साधे नेटवर्क मांडून ‘येथे पिंग का जात नाही?’ असे विचारले गेले, की पाठांतर उघडे पडते.

सिम्युलेटरवरचा सराव या प्रश्नाचीच तयारी करून घेतो. दररोज तासभर एक छोटे नेटवर्क उभारावे, ते मोडावे, दोष शोधावा आणि दुसऱ्या दिवशी तीच मांडणी टिपण न पाहता पुन्हा करावी, एवढी शिस्त त्यासाठी पुरेशी आहे. नेटवर्क का बंद पडले हे जो स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो, तो परीक्षेच्या शुल्काची जोखीम घेण्यास तयार झाला, असे मानता येईल. ज्याचे नेटवर्क सरावात एकदाही बंद पडले नाही, त्याने परीक्षेची तारीख ठरवण्याची घाई करू नये.