रिचर्ड्‌सबाईंची उत्तरवयातील कामगिरी

अमेरिकेतील पहिली प्रशिक्षित परिचारिका म्हणून लिंडा रिचर्ड्‌स यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु १८७३ साली बॉस्टनच्या एका स्त्री-रुग्णालयातून मिळवलेल्या त्या सनदेच्या तेजात, साठीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांत जी कामगिरी आरंभली तिचे स्मरण सहसा कोणी करीत नाही. मला तर त्यांच्या पूर्वायुष्याचे सारे धागे तेथेच येऊन मिळालेले दिसतात.

विद्यार्थिदशेत पहाटे साडेपाचला उठावे, रात्री नऊपर्यंत राबावे आणि दोन कक्षांमधल्या चिमुकल्या खोलीत अंग टाकावे, तेथूनही रोग्याने हाक मारली की पुन्हा उठावे, असा त्यांचा क्रम होता. औषधांची नावे मात्र परिचारिकांना कळू नयेत असा कडक बंदोबस्त असे; बाटल्यांवर नुसते आकडे. जिने घोट पाजायचा, तिलाच आपण काय पाजतो याचा पत्ता नाही! पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात रात्रीची देखरेख त्यांच्याकडे आली, तेव्हा तेथे गॅसचे दिवे इतके मंद करण्याचा दस्तूर होता की रोग्याचा चेहराही धड दिसू नये. त्याच अंधुक उजेडात रोग्याची हकीकत लिहून ठेवण्याचा परिपाठ त्यांनी पाडला.

मग इंग्लंडात नाइटिंगेलबाईंची भेट झाली, जपानात क्योतो येथे परिचारिकांची शाळा उभी राहिली. एवढ्यावर कोणीही कृतार्थ होऊन स्वस्थ बसले असते.

१८९९ साली त्या मॅसॅच्युसेट्‌समधील टॉन्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात परिचारिकांची शाळा चालवण्यासाठी गेल्या. त्यानंतर वूस्टर, आणि १९०६ ते १९०९ मिशिगनमधील कॅलामझू. वेड्यांच्या इस्पितळातली असली पहिली शाळा मॅक्लीन नावाच्या इस्पितळात १८८२ मध्येच निघाली होती, तेव्हा आद्यत्वाचा मान त्यांचा नव्हे; पण रखवालदाराच्या जागी परिचारिका आणण्याचे ते काम अनुभवी हाताखेरीज होणारे नव्हते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि दंडात जोर एवढ्या पात्रतेवर जेथे माणसे नेमली जात, तेथे मनाने आजारी असलेल्याची शुश्रूषा देहाने आजारी असलेल्याच्या तोडीची तरी व्हावी, असा त्यांचा आग्रह असे. मनोविकारावर हुकमी औषध त्या काळी नव्हते. रोगी रात्री कितीदा उठला, ताट कोणत्या दिवसापासून परत जाऊ लागले, बोलका माणूस अबोल केव्हा झाला, हे टिपणाऱ्या नजरेवरच पुष्कळसा उपचार अवलंबून होता. विद्यार्थिनींच्या स्वस्त श्रमांवर इस्पितळांचा खर्च भागे, हेही अर्थात खरे, आणि ते लपवण्यात हशील नाही.

१९११ साली, सत्तरीला पोहोचता पोहोचता, त्यांनी हुद्दा सोडला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्या आकड्यांच्या बाटल्यांची हकीकत त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवली आहे.