शालेय क्रीडांगणावरील गाणी : निवडीची जबाबदारी

अलिबाग तालुक्यात धरमतर खाडीच्या मुखाशी रेवस बंदर वसलेले आहे. आगरी-कोळी वस्तीच्या या किनारपट्टीत कबड्डीची आवड मोठी. शालेय क्रीडास्पर्धा भरल्या, की विद्यार्थ्यांबरोबर पालक आणि ग्रामस्थही मैदानाभोवती जमतात. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात ध्वनिक्षेपकावरून गाणी लावली जातात. उत्साह वाढावा, हा त्यामागील हेतू असतो. परंतु गाण्यात शिवराळ शब्द, मद्याची थोरवी किंवा स्त्रियांविषयी हीन उल्लेख असले, तर मैदानावर उतरलेल्या मुलींना ते मुकाट्याने ऐकावे लागतात आणि लहान मुले अर्थ न कळताही ते शब्द पाठ करतात.

कोकणात शिमग्याच्या दिवसांत वाटेल ते बोलण्याची जुनी मोकळीक आहे. पण ती तेवढ्या दिवसांपुरतीच. मुंबईत तर होळीच्या सुमारास सार्वजनिक ठिकाणी अश्लील गाणी म्हणण्यास मनाई करणारे आदेश पोलिसांकडून काढले जातात. शाळेच्या मैदानास शिमग्याची सबब मुळीच लागू पडत नाही.

अशी गाणी आधी कोणीतरी तपासलेलीच असतील, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. १९५२ च्या चलच्चित्र कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळते ते चित्रपटास. स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित होऊन प्रसृत होणाऱ्या गाण्यांना अशा प्रमाणपत्राची अट नाही. अमेरिकेत १९८५ मध्ये पालकांच्या मागणीवरून ध्वनिमुद्रिकांवर सावधगिरीची सूचना छापण्याचे ठरले. आज इंटरनेटवरील संगीतसेवाही काही गाण्यांपुढे तशी खूण करतात. पण ती खूण पडद्यावर दिसते. ध्वनिक्षेपकावरून ऐकणाऱ्यास ती कळण्याचा मार्ग नाही.

कायद्याचे साहाय्यही मर्यादित आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. परंतु हे नियम आवाजाची पातळी मोजतात, शब्दांचा अर्थ नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार, सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल अशा रीतीने अश्लील गाणी म्हणणे हा तीन महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मद्य, अमली पदार्थ आणि हिंसेचा गौरव करणारी गाणी वाजविली जाऊ नयेत, याची दक्षता घेण्यास तेथील पोलिसांना सांगितले. तथापि, शिक्षा होते ती प्रकार घडल्यानंतर. तोवर शब्द मुलांच्या कानी पडलेले असतात.

म्हणून खरी निवड मैदानावर आणि स्पर्धेपूर्वीच व्हावयास हवी. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. गाण्यांची यादी मुख्याध्यापकांनी दोन-तीन दिवस आधी ठरवावी. प्रत्येक गाणे शेवटपर्यंत ऐकावे, कारण आक्षेपार्ह शब्द बहुधा मधल्या कडव्यांत असतात. परभाषेतील गाण्याचा अर्थ समजला नाही, तर ते यादीतून वगळावे. यादीतील गाणी आधीच उतरवून घ्यावीत. थेट इंटरनेटवरून वाजविल्यास एक गाणे संपताच यंत्र आपल्या मर्जीने दुसरे लावते. ध्वनिक्षेपक भाड्याने आणला, तरी गाणी लावण्याचे काम एका शिक्षकाकडेच ठेवावे. चुकून अयोग्य गाणे लागलेच, तर ते तत्काळ थांबवून पुढील सामन्याची घोषणा करावी. मुलांवर रागावू नये.

गाणी बंद करावीत, असा याचा अर्थ नव्हे. लेझीम, ढोल, हलगी आणि किनाऱ्यावरील कोळीगीतांचा ठेका यांनी मैदान सहज दुमदुमते. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ने उद्घाटन करता येते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्येने असतात. समितीने हा विषय स्पर्धेपूर्वीच्या बैठकीत घ्यावा आणि मैदान व ध्वनिक्षेपकाची व्यवस्था पाहणाऱ्या पंचायत सदस्यांनी त्यास साथ द्यावी. जे शब्द वर्गात उच्चारता येत नाहीत, ते मैदानावरही वाजता कामा नयेत, एवढी एकच कसोटी त्यांना पुरेशी आहे.